गंगारामचा स्टिरिओ

गंगाराम,

तू गेलास म्हणून तुझ्या त्या खोक्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो खोका म्हणजे निव्वळ थाप होती. जिवंतपणी तुला तोंडावर सांगितलं, आता फोटोला हार घातलाय म्हणून तो शब्द मागे घेणार नाही. मागे घ्यायचा होता तो शब्द वेगळा. त्याच्यावर येतोच.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं सध्या तुझं चाललंय. अजून पंधरवडा उलटला नाही आणि वसाहतीतला जो तो धार काढायला बसलाय. आपल्या सोसायटीचे चेअरमन सकपाळ भाऊ, ज्यांनी तुला सगळ्यांसमोर हॉलमधून खोका उचलायला लावला, ते गेल्या आठवड्यात बसस्टॉपवर चारचौघांना सांगत होते, "नेरूळात स्टिरिओ पयला आनला तो आमच्या गंगारामनं." मी बस येईपर्यंत पाठ करून उभा राहिलो. नाहीतर काहीतरी बोलून गेलो असतो, आणि मी बोललो की काय होतं ते तुला माहीत आहे.

त्या खुळाची सुरुवात मला चांगली आठवते. घरोघर रंगीत टीव्ही यायला लागले होते. मार्केटच्या कोपऱ्यावर तुझं दुरुस्तीचं दुकान आणि मी रबाळ्याला स्पीकरच्या कारखान्यात तपासणीला. एक गिऱ्हाईक भावाने दुबईहून आणलेला टेपरेकॉर्डर दाखवायला घेऊन आलं. दोन अंगांना दोन स्पीकर, एकातून तबला, दुसऱ्यातून सनई. "टीव्हीला असं काय करता येत नाय काय?" त्याने विचारलं. शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. तू म्हणालास, "दोन आठवडे द्या."

त्याच संध्याकाळी मी तुला समजावलं होतं. केंद्रावरून आवाज निघतो तो एकच, अँटेनावर उतरतो तो एकच, टीव्हीच्या पोटात पडतो तोही एकच. एका नारळाचे दोन नारळ होत नाहीत. फोडलास तर दोन वाट्या होतील, खोबरं तेवढंच राहील. तू सोल्डरिंगचा धूर फुंकरीने उडवत म्हणालास, "वाट्या तर वाट्या. लोकांना दोन हातांत दोन पायजेत, सदा."

मग तू खरंच फोडलास. टीव्हीच्या मागून आवाज काढून घ्यायचा, त्यातला जाड भाग गाळून डाव्या स्पीकरला द्यायचा आणि बारीक भाग उजव्या. सगळं एका पत्र्याच्या खोक्यात, आणि खोक्यावर लाल दिवा. त्या दिव्याचा आवाजाशी काडीचा संबंध नव्हता, पण गिऱ्हाईक आधी दिवाच बघायचं. नाव मोठं लक्षण खोटं म्हणतात ते तुझ्या खोक्यासाठीच. आणि स्पीकर कुठले? मी रबाळ्याला माझ्या हाताने नापास करून बाजूला काढलेले. कारखान्यात विचारून मीच ते तुला आणून दिले होते. म्हणजे त्या थापेत माझाही वाटा होता, पण तेवढी गोष्ट मी तेव्हा सोयीने विसरलो.

घेणारे तर तुझ्याहून थोर. बातम्या देणारी बाई एका जागी बसून बातम्या देते आणि देवाने तिला तोंड एकच दिलंय. पण यांच्या घरात तिचे 'स' आणि 'श' खिडकीकडून यायचे आणि उरलेली बाई कपाटाच्या मागून बोलायची. हे सोफ्यावर बसून एकमेकांना सांगायचे, काय इफेक्ट आहे! एकाने तर मला घरी बोलावून हवामानाचा अंदाज स्टिरिओमध्ये ऐकवला. मी चहा अर्धा टाकून उठलो.

आता कानाचं लिहितो. तुझा डावा कान आपण गावाला होतो तेव्हाच गेला. कान फुटला, पू यायला लागला, कुणी तेल ओतलं, कुणी कसला पाला पिळला, आणि एक दिवस वाहायचा थांबला तेव्हा ऐकायचाही थांबलेला होता. हे तुझी आई, सुमनवहिनी आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक. पुढे मुंबईला आलो, मग इकडे घरं मिळाली, पण तू कुणाला पत्ता लागू दिला नाहीस. दुकानातलं काउंटर असं टाकलंस की गिऱ्हाईक नेहमी तुझ्या उजव्या हाताला. रस्त्याने चालताना मी न सांगता उजवीकडे. टीव्हीवाल्याचा एक कान बंद आहे हे कळलं तर दुकानाची पायरी कोण चढेल, असं तू म्हणायचास, आणि ते खरंच होतं.

म्हणजे दोन कानांनी ऐकल्याची ज्याला आठवणसुद्धा नव्हती तो माणूस स्टिरिओ बनवत होता. एका स्पीकरसमोर खुर्ची टाकून तू उजवा कान पुढे करून बसायचास, स्क्रू फिरवायचास, समाधान झालं की उठून खुर्ची उलटी फिरवायचास आणि दुसऱ्या स्पीकरसमोर तेच. वेगवेगळे ऐकून तुला दोन्ही छान वाटायचे. एकत्र कसे वाटतात ते मी सांगायचं. मी सांगायचो, "भिकार." तू पुन्हा खुर्ची फिरवायचास. मला तेव्हा हसू आवरायचं नाही. त्या हसण्याची आज लाज वाटते.

कडेलोट झाला तो खोका सोसायटीच्या हॉलमध्ये गेला तेव्हा. तिथे सगळ्यांसाठी एक रंगीत टीव्ही होता आणि रविवारी संध्याकाळी सिनेमाला सगळी वसाहत लोटायची. आपली बसायची रीत ठरलेली. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मधोमध यायची-जायची वाट. तू एक स्पीकर डाव्या भिंतीला ठोकलास, एक उजव्या. जाड आवाज गेला पुरुषांकडे आणि बारीक गेला बायकांकडे.

नायिका बोलायला लागली की पुरुषांना वाटे, बाई गोधडीत तोंड घालून बोलतेय. नायकाने दम भरला की बायकांच्या बाजूला डास गुणगुणल्यासारखं होई. नायिका रडत रडत आपलं सगळं गुपित सांगून मोकळी झाली आणि अर्ध्या हॉलला पत्ताच नाही. "काय बोलली? काय बोलली?" म्हणून पुरुषांनी ओरडायचं, बायकांनी सांगायचं. मग नायकाचं उत्तर पुरुषांनी बायकांना पोचवायचं. त्या रविवारी निम्मा सिनेमा लोकांनीच एकमेकांना म्हणून दाखवला. शेवटी एक म्हातारी उठून म्हणाली, "आमच्या अंगाला बाप्याच्या आवाजाला जीवच नाय. मेलाय काय तो?"

तू धावत पुढे गेलास. "मिसळून बसा, मधी मधी सरका, बरोबर ऐकू येईल," म्हणालास. आणि गंमत म्हणजे त्यात तथ्य होतं. मधोमध बसणाऱ्याला दोन्हीकडचं मिळून निदान मूळचा आवाज तरी आला असता. पण मधोमध होती वाट. सकपाळ भाऊंनी तुझ्याकडे असं पाहिलं की जणू तू हॉलमध्ये बैल आणून बांधलास. सिनेमा मुका बघू पण शेजारी शेजारी बसणार नाही, असली आपली सुधारलेली वसाहत. त्या दिवशी मला तुझ्या खोक्यापेक्षा त्यांचीच जास्त कीव आली होती. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढच्या रविवारी मीटिंग. सकपाळ भाऊ म्हणाले, "गंगाराम बोलतो ह्ये खरं स्टिरिओ हाय. आमाला त्यातलं काय कळत नाय. सदा, तू कंपनीतला मानूस. तू सांग."

तू माझ्याकडे बघितलंस. तुला काय हवं होतं ते मला कळत होतं. बसायची रीत आणि खोका यांचं जमलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण माझा त्या लाल दिव्यावर राग होता. आणि खरं सांगायचं तर एवढ्या माणसांत मला जाणकार म्हणून उभं केलं त्याची धुंदी होती. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"त्याला काय कळतंय स्टिरिओमधलं? त्याचा डावा कान ल्हानपनापासून बंद हाय. एका कानाचा मानूस दोन कानांचं काय बनवनार?"

आधी एक जण हसला, मग हॉल हसला. तू चिडला नाहीस. हसू कुठल्या बाजूने येतंय ते एका कानाने तुला कळलं नाही म्हणून तू मान वळवून डावीकडच्या माणसांकडे पाहिलंस. आणि मग भिंतीवरच्या स्पीकरच्या वायरी काढून गुंडाळायला लागलास, कोपर ते अंगठा असे वेढे घेत, एकही पीळ पडू न देता. तुझं गुंडाळून होईपर्यंत मीटिंग पाण्याच्या टाकीच्या विषयावर गेली होती.

खोका हॉलमधून गेला याचं मला आजही दुःख नाही. पण दोन महिन्यांनी भीमजयंतीच्या सभेचा माईक ठरवायची वेळ आली. ते काम वर्षानुवर्षं तुझं. सकपाळ भाऊ म्हणाले, "बहिऱ्याच्या हातात माईक कसा द्यायचा?" आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच बसलो होतो. त्या दिवशी मला तोंड उघडता आलं नाही.

त्या माईकबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं कुणालाच नव्हतं. सभेच्या सकाळी तू मला माईकसमोर उभा करायचास आणि हातात वर्तमानपत्र द्यायचास. 'पाहिजेत'च्या जाहिराती वाचायच्या, त्याही हळू आवाजात. तू मैदानाच्या पार टोकाला जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा. मी वाचलेलं तू मोठ्याने परत म्हणायचास. शिवणकाम येणारी बाई पाहिजे. एक शब्द जरी निसटला तरी येऊन कर्णा चार बोटं फिरवायचास आणि परत टोकाला जायचास. उन्हात दोन-दोन तास. मी वैतागून म्हटलं होतं, "बस झालं आता, ऐकू जातंय." तू म्हणालास, "मला एका कानानं कळलं तर त्यास्नी दोन कानांनी कळलंच पायजे."

तिथे लाल दिवा नव्हता, डावं-उजवं नव्हतं. एक आवाज आणि दोन कर्णे. सर्वांत मागे बसलेल्या, गावाहून आलेल्या म्हाताऱ्यांना भाषणातला शब्द न् शब्द कळायचा. मी दिवसभर यंत्रं लावून आवाज तपासतो, मला विचार. इतकं स्वच्छ काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. आणि हे मी तुला एकदाही सांगितलं नाही. खोक्याला नावं ठेवायला माझ्याकडे आठवड्याचे सात दिवस होते. कौतुक केलं तर तू डोक्यावर बसशील असं मला वाटायचं.

त्या वर्षी तुर्भ्याचा एक माईकवाला आला. कर्ण्यांनी शिट्ट्या मारल्या आणि पाहुण्यांचं भाषण त्यातच गेलं. तू घराबाहेर पडला नाहीस. दुकानातली गिऱ्हाइकंही हळूहळू कमी झाली, कारण बहिऱ्याला आवाज काय दुरुस्त करता येणार, हे आता सगळ्यांनाच समजत होतं. आपण दोन वर्षं बोललो नाही. मार्केटमध्ये समोर दिसलास की मी भाजीकडे बघायचो. मला न लागणारी कितीतरी भाजी मी त्या दोन वर्षांत घेतली.

मग तुला कावीळ झाली. वाढली तशी तुला वाशीला दवाखान्यात हलवलं आणि वहिनींनी निरोप धाडला. मी आलो. रस्ताभर एक वाक्य घोकत आलो होतो. तू हात करून खाटेच्या उजवीकडचं स्टूल दाखवलंस.

"ह्या बाजूला बस. मला एक सांग. खरा स्टिरिओ दोन कानांनी ऐकला की गानारी बाई कुठं असते?"

"मधोमध," मी म्हणालो.

"मधोमध म्हंजे? तिथं स्पीकर हाय?"

"नाय."

"मंग काय हाय?"

"काय नाय. भिंत."

तू पिवळ्या डोळ्यांनी हसलास. "म्हंजे जितं कायच नाय तितनं बाई गाते. ह्यो तुमचा खरा स्टिरिओ. आनि थापाड्या मी!"

माझ्याकडे उत्तर होतं. आजही आहे आणि ते बरोबर आहे. खऱ्या स्टिरिओत मुळात दोन माईकांनी टिपलेले दोन आवाज असतात, तुझ्यासारखा एकाच्या चिरफळ्या केलेला माल नसतो. मी तोंड उघडलं आणि नर्स सलाईन बदलायला आली. "उद्या येतो, मग बघतो तुझ्याकडे," असं म्हणून मी उठलो. पण गंगाराम, मी त्या दिवशी वाद घालायला आलो नव्हतो, माफी मागायला आलो होतो. तू वाद उकरलास म्हणून मला किती सुटल्यासारखं वाटलं ते माझं मलाच माहीत. माफी उद्यावर टाकून मी मजेत बसमध्ये चढलो. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतास, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही तुला घरी आणलं.

गेल्या शुक्रवारी सुमनवहिनी आमच्याकडे आल्या. बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भावजी, रविवारी पुण्यानुमोदनाला तुमी बोला. तुमी तवा बोल्लात तेच लोकांच्या डोक्यात बसलंय. पोरीला शाळेत अजून बहिऱ्याची पोर म्हनतात. तुमीच बोल्ला व्हता, आता तुमीच कायतरी सांगा." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला जरा बरं वाटलं असतं. मी म्हणालो, सांगतो. दोन दिवस कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

काल सकाळी हॉल भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, समोर तुझा लग्नातला कापून मोठा केलेला फोटो. त्रिशरण, पंचशील झालं. मग सकपाळ भाऊ बोलायला उठले. गंगाराम म्हणजे आपल्या वसाहतीचा कान होता, असं म्हणाले. हेच ते, आणि चेहऱ्यावर काही नाही. आणखी दोघं बोलले, ज्यांच्या घरचे खोके वर्षभरात माळ्यावर गेले होते. त्यांनी तुला शास्त्रज्ञ करून टाकलं. माईक त्याच तुर्भेवाल्याचा होता. तो दाराशी बसून पान चघळत होता.

मग मला बोलावलं. मी कागद काढला, सर्वांना जय भीम केला आणि वाचलं. गंगारामचा एक कान बंद होता हे मी याच हॉलमध्ये सांगितलं. पण तो त्याच एका कानाने शेवटच्या माणसासाठी ऐकायचा हे सांगितलं नाही. त्याच्यासारखा माईक लावणारा मला माहीत नाही. तुम्ही त्याचं काम काढून घेतलंत तेव्हा मी इथेच गप्प बसलो होतो. चूक त्याच्या कानात नव्हती, माझ्या जिभेत होती. हे सगळं मी वाचलं, गंगाराम. एकही शब्द न गाळता वाचलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "आवाज येत नाय! परत बोला!"

दुसऱ्या रांगेपलीकडे काहीच पोचलं नव्हतं. तुर्भेवाला उठला, त्याने एक बटण पिरगाळलं, कर्ण्याने शीळ घातली आणि मग आवाज एकदम मोकळा झाला. "आता बोला साहेब," तो म्हणाला. हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली होती. सकपाळ भाऊ पुढे झुकून बसले होते. मी कागदाकडे पाहिलं आणि त्याची घडी घातली.

"गंगाराम फार चांगला माणूस होता," मी म्हणालो आणि खाली येऊन बसलो. तेवढं शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट गेलं. सुमनवहिनी लेकीला घेऊन पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही ऐकलं.